एकेचाळीस चौकटी

मंगळवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा! दोन दिवस बसमध्ये बसून बुडाला घट्टे पडले, पण गाव बघून सगळा शीण गेला. स्वच्छ रस्ते, दगडी फरशा, दुकानांच्या दारात फुलांच्या कुंड्या. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, छोटी पण उजेडाची. मालकीणबाई खडूस वाटते. किल्ली देतानाच तिने सांगून टाकलं की जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत आणि नळ ठिबकत ठेवायचा नाही. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, बाई, मी असा किती दिवस टिकणार आहे ते आधी बघू.

ही वही ताईने दिली. निघताना पिशवीत कोंबली आणि म्हणाली, तिकडे बोलायला कोणी नसलं की तुझं तोंड खाजायला लागेल, तेव्हा यात लिही. मी सातवीपर्यंत शिकलेला, तेही मास्तरांनी ढकलत नेलं म्हणून. तरी लिहितो. ताईला कळलं तर बरं वाटेल.

काम एका संग्रहालयात आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे एक चित्रकार राहायचा, माणसांचे चेहरे काढायचा. त्याचं दोन मजली दगडी घर जसंच्या तसं ठेवलंय आणि भिंतींवर त्याची चित्रं लावलीत. मी तिथला राखणदार. लोक चित्रांना बोट लावत नाहीत ना, ते बघायचं. करड्या रंगाचा कोट मिळाला, पितळी बटणांचा. आरशात बघून मलाच हसू आलं. बँडवाला वाटत होतो.

पहिल्याच दिवशी फजिती. साहेबांनी (ते इथले मुख्य, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं गोड) चित्रं मोजायला सांगितली. रोज सकाळी उघडायच्या आधी मोजून नोंदवहीत आकडा लिहायचा असतो. मी सगळीकडे फिरून, बोट दाखवत मोजलं आणि लिहिलं, सत्तावन्न. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मग कळलं की चित्रं एकेचाळीसच. मी चेहरे मोजले होते! मोठ्या दालनात एक भिंतभर चित्र आहे, त्या एकात सतरा जण. तिकीटबाई इतकी हसली की तिला खोकला लागला. म्हणाली, अरे बाबा, चौकटी मोजायच्या असतात, तोंडं नाही.

बाबांनी सांगून ठेवलंय, एका जागी सलग तीन महिने काम करून दाखव, त्याशिवाय माझ्या दारात उभा राहू नकोस. आत्तापर्यंत अकरा नोकऱ्या सोडल्या. जूनमध्ये ताई बाळंत होणार. मी मामा होणार! तेव्हा घरी असायचंच. म्हणजे जूनपर्यंत इथे बूड टेकून राहायचं. झालं.

बुधवार, ५ मार्च

बूड टेकायचं म्हणजे खरोखरच टेकायचं, हे आज कळलं. माझी जागा मोठ्या दालनात, त्या भिंतभर चित्राच्या समोर. तिथे एक उंच पाठीची लाकडी खुर्ची आहे. साहेबांनी कौतुकाने सांगितलं की ही साधी खुर्ची नाही. ज्यांचं चित्र काढायचं त्यांना म्हातारा हिच्यावरच बसवायचा. (इथे सगळे त्या चित्रकाराला म्हाताराच म्हणतात.) खुर्ची तो सोडून गेला त्याच जागी आहे, चारी पायांखाली फरशीत खिळे ठोकून पक्की केलेली. राखणदाराने तिच्यावर बसायची जुनी पद्धत आहे. पाहुण्यांनाही बरं वाटतं, खुर्चीत माणूस दिसला की.

मी दहा मिनिटं बसलो की उठायचो. खिडकीशी जायचो, पुन्हा बसायचो. पाय आपोआप हलायचा. साहेब लांबून बघत होते. मग जवळ येऊन हसत म्हणाले, म्हाताऱ्याच्या हाती सापडला असतास तर तुझे पाय त्याने आधी रंगवले असते. मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे बाकीच्यांचं तो डोक्यापासून सुरू करायचा, पण चुळबुळ्या माणसाचे पाय पहिल्यांदा काढायचा. पाय एकदा काढून झाले की माणूस आपोआप गप्प बसतो, असं तो म्हणायचा. साहेब हे सगळ्या पाहुण्यांना सांगतात आणि सगळे हसतात. मीही हसलो.

दालनात पेन चालत नाही. शाईचा डाग पडला तर काय घ्या, म्हणून फक्त पेन्सिल. ही वही कोटाच्या खिशात मावते, त्यामुळे साहेब काही बोलले नाहीत.

शनिवार, ८ मार्च

पाहुण्यांची मजा असते. नवरे लोक तिसऱ्या चित्रापाशी जांभया देतात. बायका चित्रातल्या बायकांचे दागिने बघतात. एक आजोबा सगळी चित्रं सोडून माझ्याकडेच बघत बसले आणि शेवटी नातीला म्हणाले, हा पुतळा किती हुबेहूब केलाय. मी डोळा मारला. आजोबा दोन हात मागे!

तिकीटबाईशी जमलंय. खिडकीतून सतत कोणाला ना कोणाला बोलत असते. तिच्या जिभेला हाड नाही. मला म्हणते, काय रे वावटळ, आज किती वेळा उठलास? मी म्हटलं, मोजलं नाही, मोजायला लागलो की चुकतं माझं.

आज एक गंमत झाली. दुपारी खुर्चीत बसलो आणि बघितलं तर पाच वाजलेले. तीन तास! पाय हलला नाही, मान अवघडली नाही, झोपही लागली नव्हती. तीन तास मी काय करत होतो, आठवत नाही.

सोमवार, १० मार्च

आज सुट्टी. घरी फोन केला. आई म्हणाली, जेवतोस ना, अंगावर काही घेतोस ना. ताई म्हणाली, बाळ लाथा मारतंय, तुझ्यावर गेलंय. बाबा फोनवर आले नाहीत, पण आईच्या मागून विचारत होते की अजून तिथेच आहे का. आईने सांगितलं, आहे. बाबा म्हणाले, बघू. ते ‘बघू’ ऐकून मला जिद्द चढली.

दुपारी गावात फिरायला निघालो. चौकातल्या बाकावर जरा टेकलो आणि संध्याकाळ झाली. मी! बाकावर!

गुरुवार, १३ मार्च

आठ दिवस ज्याच्यासमोर बसतो ते मोठं चित्र आज नीट बघितलं. म्हाताऱ्याच्या घरची माणसं आहेत. काही बसलेली, काही मागे उभी, सगळी समोर बघतात. साहेबांच्या माहितीपत्रकात लिहिलंय की हे त्याचं शेवटचं चित्र, अपुरं राहिलेलं. उजवीकडे खाली अजून कोरी जागा आहे.

मी साहेबांना विचारलं, घरात किती माणसं होती? त्यांनी बोटांवर मोजली, बायको, दोन मुली, विधवा बहीण, स्वयंपाकीण, माळी, गाडीवान. सात. मी म्हटलं, चित्रात सतरा आहेत. साहेब म्हणाले, असतील कोणी पाहुणेरावळे, म्हातारा माणसांचा लोभी होता.

मधले सात जण जुन्या कपड्यांत आहेत. मोठे झगे, उंच गळपट्ट्या. कडेच्या दहांच्या अंगात करडे कोट आहेत. पितळी बटणांचे.

मी माझी बटणं बघितली. पुन्हा चित्र बघितलं.

एकाच्या बाहीतून मनगट दिसतं. मनगटावर घड्याळ आहे. निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्याचं, आकडे दिसतात तसलं. शंभर वर्षांपूर्वी?

रविवार, १६ मार्च

दोन दिवस स्वतःची समजूत घातली की कोणीतरी थट्टेने नंतर रंगवलं असेल. आज तिकीटबाईला सहज विचारलं, माझ्या आधी कोण होता? ती म्हणाली, होता एक बिचारा. सुरुवातीला तुझ्यासारखाच, पायाला भिंगरी. दोन महिन्यांत असा निवळला की बस. साहेब सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. मग एक दिवस न सांगता निघून गेला. डबासुद्धा इथेच टाकून गेला.

मी विचारलं, दिसायला कसा होता. म्हणाली, चारचौघांसारखा, फक्त डाव्या भुवईत खाच होती, लहानपणी झोपाळ्यावरून पडला म्हणे. आणि ते घड्याळ, म्हणाली, पोरकट, निळं, मी त्याला चिडवायची त्यावरून.

दालनात परत गेलो. बघायचं नव्हतं. बघितलं.

डाव्या भुवईत खाच आहे.

मंगळवार, १८ मार्च

काल फोन केला नाही. काय सांगणार? चित्राला घाबरून बारावी नोकरी सोडतोय? बाबा काय म्हणतील ते मला इथून ऐकू येतं.

आज चित्रं दुरुस्त करणाऱ्या मॅडम आल्या. तीन महिन्यांतून एकदा येतात. भिंग घेऊन मोठ्या चित्राजवळ गेल्या आणि उजवीकडच्या कोऱ्या जागेपाशी थबकल्या. तिथे आता कोरं नाही. एक तपकिरी डाग आहे, अंड्याच्या आकाराचा, आणि त्याखाली पेन्सिलच्या रेघा. मॅडमनी कापसाचा बोळा हलकेच टेकवला. बोळ्याला रंग लागला. त्या साहेबांना म्हणाल्या की रंग ओला आहे, भिंतीत ओल आली असणार, जुना रंग सुटतोय. साहेब म्हणाले, भिंत तपासून घेऊ. दोघं भिंतीवर हात फिरवत बसले.

भिंत कोरडी आहे. मी रोज तिथे असतो.

बुधवार, १९ मार्च

अंड्याच्या खाली, रेघांच्या टोकाला, बूट आले आहेत. फक्त बूट. बाकी काही नाही.

एकाची नाडी पांढरी, एकाची तपकिरी.

माझी तपकिरी नाडी गेल्या आठवड्यात तुटली. दुकानात तपकिरी नव्हती, म्हणून पांढरी घेतली. त्यावरून तिकीटबाई हसलीसुद्धा होती.

पाच वाजता बूट काढून कचऱ्यात टाकले आणि खोलीवर अनवाणी गेलो. मालकीणबाई खूश, म्हणाली, आज जिना वाजला नाही. जिन्याची फरशी गार असते. मला गार लागली नाही. बोटाला चिमटा काढला. नख रुतवलं. काही नाही. जसं काही दुसऱ्याच्या पायाला.

शुक्रवार, २१ मार्च

आज पळून जायचं ठरवलं. बाबा काय म्हणायचं ते म्हणोत. सकाळी सातला पिशवी भरून बसस्टँडवर गेलो. साडेसातची गाडी लागली. बाकावर बसलो होतो. उठायचं म्हटलं तर उठता येईना. पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. गाडी गेली. साडेआठची लागली, तीही गेली. कंडक्टरने विचारलं, येतोस का? मी म्हटलं, हो, हो, येतो — आणि तसाच बसून राहिलो. तो शिवी हासडून गेला.

पावणेदहाला पाय आपणहून उठले. मी त्यांना स्टँडच्या आत वळवायला बघत होतो, खांबाला धरलं, हात सोलवटला. पाय रस्ता ओलांडून, गल्लीतून, संग्रहालयाच्या पायऱ्या चढून गेले. खुर्चीशी थांबले. बसलो.

साहेब म्हणाले, आज वेळेच्या आधी? शाबास.

चित्रात आता गुडघे आहेत. मांडीवर कोटाचं टोक. खालून तिसरं बटण सैल लोंबतं. माझंही लोंबतं.

सोमवार, २४ मार्च

सुट्टी. सकाळी चहा केला आणि खुर्चीत बसलो. खोलीतली साधी खुर्ची. चहावर साय धरली. साय सुकली. मालकीणबाईने दार ढकलून आत बघितलं, कोणी नाही असं पुटपुटली आणि दार ओढून घेतलं. मी तिच्यासमोर बसलो होतो. दोन हातांवर.

फोन वाजला तेव्हा हात हलला म्हणून बरं. ताई होती. मला ओरडायचं होतं. ताई मला इथून ने, बाबांना पाठव, मामांना पाठव, कोणालाही. तोंडातून आलं — मी बरा आहे. काम छान आहे. मला इथे शांत वाटतं.

माझाच आवाज, पण असा आवाज मी कधी काढला नाही. आई मागून रडत म्हणाली, सुधारला गं माझा मुलगा. बाबा पहिल्यांदा फोनवर आले. म्हणाले, जूनची वाट बघू नकोस, सुट्टी मिळाली की ये. इतकं मऊ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि मी म्हटलं, बरं बाबा. इतकंच.

ताईने पुन्हा फोन घेतला. मग हळूच विचारलं, कोण बोलतंय?

ताई. तुला कळलं. तुला कळलं ना —

मंगळवार, २५ मार्च

ओठ आले चित्रात. मिटलेले. आता मला एकेक शब्दच काढता येतो, तोही जोर लावून.

तिकीटबाईला बाहीला धरून आणलं. म्हटलं, मोजा. तिने मोजल्या. एकेचाळीस. बरोबर आहेत की रे, म्हणाली. मी कागदावर लिहिलं, चौकटी नाही, चेहरे. ती वैतागली, पण मोजले. अठ्ठावन्न. बरं मग, म्हणाली.

मग? आधी सत्तावन्न होते! नोंदवहीत बघायला गेलो. माझं सत्तावन्न साहेबांनी त्याच दिवशी पुसून एकेचाळीस केलेलं. नोंदवहीत रोज एकेचाळीस. कितीतरी वर्षांची पानं, रोज एकेचाळीस. चेहरे कोणी मोजलेच नाहीत कधी. फक्त मी. ही वही उघडून तिला दाखवलं, पहिला दिवस, सत्तावन्न.

ती हसायलाच लागली. म्हणाली, अरे वेड्या, त्या दिवशी तू चुकला होतास ना! सगळ्या गावाला माहीत आहे.

माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, तू हल्ली बोलत नाहीस, चेहराही उतरलाय, घरची आठवण येते का. मी मान हलवायला बघितलं. तिने वळून चित्राकडे एकदाही नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर — जाऊ दे. ती चांगली बाई आहे. तिने मोजलं, एवढं तरी केलं.

बुधवार, २६ मार्च

साहेबांना फोन आला होता. ताईचा. साहेब खूश होऊन सांगायला आले. ताई म्हणे काळजीत आहे, तिने हट्टच धरला, म्हणून बाबा मला बघायला निघालेत. उद्या दुपारी पोचतील. सरळ इथेच येतील.

इथे.

बाबांकडे फोन नाही. रस्त्यात गाठता येणार नाही. इथून पळालो असतो तरी ते इथेच आले असते. या दालनात. दोन दिवस प्रवास करून, दमून. आणि दालनात बसायला एकच —

नाही. उद्या फाटकात उभा राहीन. बसणार नाही. काही झालं तरी बसायचं नाही.

गुरुवार, २७ मार्च, सकाळ

चिठ्ठी लिहून आणली. माझे बाबा आले तर त्यांना आत सोडू नका, त्यांना परत पाठवा. तिकीटबाई आज नाही. तिची मुलगी तापाने फणफणलीय. खिडकीत साहेब. त्यांना दिली चिठ्ठी. त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बापलेकांचं बिनसलं होतं ते माहीत आहे मला, ताईंनी सांगितलं. मनात धरू नये रे. तू कसा शांत बसतोस ते त्यांना बघू दे एकदा. मीच आणतो त्यांना आत.

चिठ्ठी खिशात ठेवली त्यांनी. प्रेमाने.

फाटकाकडे निघालो. पाय दालनाकडे गेले.

बसलोय.

गुरुवार, दुपार

डोळे आले चित्रात.

एक डोळा मिटला की खुर्चीतून चित्र दिसतं. दुसरा मिटला की चित्रातून खुर्ची दिसते. खुर्ची रिकामी. खुर्चीच्या हातावर फक्त एक हात, पेन्सिल, वही. बाकी काही नाही.

चित्रात उजवी बाही संपते तिथे पुढे कोरं आहे. हात राहिलाय. तेवढा राहिलाय. हलत्या हाताचं चित्र कसं काढणार तो? म्हणून लिहायचं. थांबायचं नाही. काहीही लिहायचं. आई. ताई. ताईचं बाळ. मी मामा. नळ ठिबकतोय. नळ ठिबकतोय. जिना. लाथा मारतंय, माझ्यावर गेलंय.

बाजूला खाचवाला बसलाय. इतका जवळ. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागतो. तो समोर बघतो. सगळे समोर बघतात, खुर्चीकडे. आता कळलं. ते वाट बघत असतात.

पावलं.

बाबा. पिशवी घेऊन. टोपी हातात. साहेब बरोबर. साहेब म्हणतायत, अरे, आत्ता तर इथे होता, गेला असेल जरा बाहेर. फार गुणी मुलगा, फार शांत. बाबा म्हणतायत, आमचा? शांत? आणि हसले. बाबा हसले.

चित्रापुढे उभे आहेत. माझ्यापुढे. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी — दाढी वाढलीय. डोळे लाल. झोपले नाहीत गाडीत.

साहेबांना म्हणतायत, हा कडेचा आमच्या पोरासारखा दिसतो. साहेब चष्मा सारखा करतायत. म्हणतायत, असं होतं, कितीतरी लोकांना आपलं माणूस दिसतं यात.

बाबा बोट लावायला गेले. साहेबांनी हात धरला. नको, ओला आहे रंग.

बाबा मीच. बाबा मीच. बाबा मीच आहे हा.

पेन्सिल घासतोय. जोरात. ऐका. ऐका ना —

ऐकलं! मान वळवली. कसला आवाज, विचारतायत. साहेब म्हणतायत उंदीर असतील, जुनं घर. म्हणतायत तुम्ही दमलात, टेका जरा, येईल तो इतक्यात, ही बघा खुर्ची —

नाही

पिशवी खाली ठेवली. कंबरेवर हात. येतायत. हात हलतोय माझा बाबा बघा हात, वही बघा, वहीत सगळं आहे, वाचा, उभ्याउभ्या वाचा, बोटं जड झालीत, करंगळी कळत नाही आता, वाचा आणि घरी जा, ताईकडे जा, मागे वळले, पाठ इकडे, कोट दिसतो फक्त, पाठ टेकायला लागले, बाबा उभे राहा, एवढंच, जरा उभे रा